लाईट आल्यावरचं एक मिनिट

लाईट गेली की आमच्या कॉलनीत कुणाला काही वाटत नाही. परभणीत राहायचं म्हणजे तेवढं चालायचंच. पण लाईट आली की सगळी गल्ली एकदम ओरडते, “आलीऽऽ!” पंखे सुरू, टीव्ही सुरू, कुणाचा मिक्सर सुरू, बोअरची मोटार सुरू. आणि त्या सगळ्या गोंधळात समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई ओठावर बोट ठेवून गप्प बसलेली असायची. मनगटावरच्या घड्याळात बघत, बरोबर एक मिनिट. त्या एका मिनिटात तुम्ही काहीही विचारा, अगदी “आत्या, दूध उतू चाललंय का बघू?” असं विचारा, उत्तर नाही. मिनिट संपलं की हसून म्हणायच्या, “हं, बोल आता.” दूध गेलेलं असायचं.

या कमलआत्या. डॉक्टर कमल वाव्हळे. दवाखान्यातल्या डॉक्टर नाहीत, पीएचडीवाल्या. पण कॉलनीतल्या बायका सुरुवातीला त्यांना गुडघेदुखीची गोळी विचारायच्या आणि त्या पण सरळ म्हणायच्या, “मला मशीनचे गुडघे कळतात, माणसाचे न्हाई.”

मला हे सगळं एकदमच सांगावंसं वाटायलंय, त्यामुळं मधेच गाडी पुढं पळाली तर सांभाळून घ्या. आत्या मला ‘एक्सप्रेस’च म्हणायच्या. “ए एक्सप्रेस, छोट्या स्टेशनांवर पण थांबत जा की जरा.” माझं खरं नाव प्राजक्ता, पण शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकलं.

तर पहिली भेट. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग संपवून घरी बसलेले. पप्पांचं म्हणणं बँकेच्या परीक्षा दे, मम्मीचं म्हणणं बोरीकडचं एक स्थळ आलंय ते बघून तर घे, आणि माझं म्हणणं मला पुण्याला जाऊ द्या. रोज संध्याकाळी आमचं हेच. तिघं एकाच वेळी बोलायचो, तिघांचाही आवाज मोठा. त्या दिवशी परभणीतच घर बदलून नुकत्याच समोर राहायला आलेल्या बाई रिकामा डबा परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आम्हाला कुणाला पत्ताच नाही. त्या आत आल्या, ओट्यावरचं लाटणं उचललं आणि मम्मीच्या हातात दिलं.

“ताई, हे धरा. आता लाटणं ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की पुढच्याला द्यायचं.”

पप्पा बघतच राहिले. मग म्हणाले, “आणि हिनं दिलंच नाही पुढं तर?”

“तर लाटण्याचा दुसरा उपयोग तुमाला माहीत असंलच.”

पप्पा इतके हसले की भांडणच विसरले. पण लाटणं माझ्यापर्यंत आलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं सलग बोलले. मधे कुणी तोडलं नाही. मला इतकं विचित्र वाटलं की शेवटी काय बोलायचं तेच संपलं. निघताना आत्या मला हळूच म्हणाल्या, “ह्याला टोकन म्हणतात. पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर हेच केलं. फक्त लाटणं न्हवतं माझ्याकडं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायरीवर हजर.

आत्या मूळ पेडगावच्या. त्यांचे वडील तिथल्या रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. तेव्हा रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर संपलंच. म्हणून नियम असा, की ड्रायव्हरच्या हातात त्या रुळाचं टोकन असलं तरच गाडी पुढं जाणार. टोकन म्हणजे लोखंडी गोळा. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली. न थांबणारी गाडी आली की आत्यांचे वडील फलाटाच्या टोकाला कडी उंच धरून उभे राहायचे आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात घालून ती उचलून न्यायचा. “लहानपणी मला वाटायचं, एवढी मोठी गाडी माझ्या बापाला विचारून जाती,” असं आत्या सांगायच्या. मग थोडं थांबून, “आणि खरंच विचारूनच जायची की.”

पुढं त्या शिकल्या. पेडगावहून परभणी, परभणीहून औरंगाबाद, तिथून एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत. वस्तीतली पहिली मुलगी, वर्गातली एकटी मुलगी, प्रयोगशाळेतली एकटी मुलगी. हे मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर त्यावर त्या फार बोलायच्या नाहीत. त्यांना बोलायचं असायचं ते मशीनबद्दल. आपल्या देशात कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला नुकतेच शिकायले होते तेव्हा. एका तारेवर दहा मशीन गोल जोडलेली. दहाही एकदम बोलली तर आमच्या घरासारखं व्हायचं. म्हणून एक छोटासा संदेश तारेवरून गोल फिरत ठेवायचा, तो ज्याच्याकडं येईल त्यानंच बोलायचं. म्हणजे पेडगावचा गोळाच.

आता खरी अडचण ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावरच आहे. टोकन एका मशीनकडं आहे आणि त्याच क्षणाला त्या मशीनची लाईट गेली. गेलं टोकन. बाकीची नऊ मशीन आपली पाळी कधी येती म्हणून वाट बघत गप्प. कायमची गप्प. बरं, सगळ्यांनीच नवीन टोकन काढलं तर नऊ टोकन, म्हणजे पुन्हा गोंधळ. परदेशी पुस्तकांत यावर फार लिहिलेलं नव्हतं. “त्यांची लाईट जात न्हवती ना गं,” आत्या म्हणायच्या. “आपली दिवसातून चारदा जायची. त्यामुळं हा आपलाच प्रश्न. आपणच सोडवायचा.”

आणि त्यांनी सोडवला. प्रत्येक मशीनला नंबर. शांतता फार लांबली की सगळ्यात मोठ्या नंबरच्या मशीननं नवीन टोकन काढायचं, बाकीच्यांनी धीर धरायचा. मोठंच बंद असलं तर थोड्या वेळानं त्याच्या खालच्यानं. त्यावर त्यांचा संशोधनाचा पेपर निघाला, नाव झालं, आणि मग लांबलांबची जिल्ह्याची ऑफिसं जोडताना हीच पद्धत वापरली गेली. पण तिथं एक भूत शिरलं. लाईट गेल्यावर नव्हे, लाईट *आली* की सगळं अडकायचं. कधी अडकायचं, कधी नाही. आत्यांनी तीन वर्षं त्याचा पाठलाग केला. शेवटी सापडलं. मोठ्या नंबरचं मशीन उशिरा जागं व्हायचं. तोपर्यंत दुसऱ्यानं नवीन टोकन काढलेलं असायचं, ते फिरत असायचं. पण ह्याला काय माहीत? ह्याला वाटायचं सगळं शांत आहे, मीच मोठा, आणि हे दुसरं टोकन काढून बसायचं. मग आत्यांनी नियम घातला, की नव्यानं जागा झालेल्यानं आधी एक फेरी नुसतं ऐकायचं. मग बोलायचं.

म्हणून ते एक मिनिट. लाईट आली की आत्या ऐकायच्या. सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा ना, जसं कुणी आपल्या लेकराचा पहिला नंबर आल्याचं सांगतंय.

निवृत्त झाल्यावर त्या परभणीत आल्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ वारलेला, भाचे पुण्यात. “शहरात शेजाऱ्याला माझं नाव माहीत न्हवतं, इथं माझ्या घरी काय भाजी झाली ते पण माहीत असतं. आवडतंय मला.” हाताला कंप सुरू झाला होता. कपात चहा अर्धाच ओतायचा, हा मला पहिल्या महिन्यात लागलेला शोध. नंतर आवाज पण बारीक होत चालला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू बोलणं आणखी अवघड होईल.

तेवढ्यात देशातल्या नेटवर्कच्या लोकांची एक मोठी संघटना जुन्या लोकांच्या आठवणींचं पुस्तक काढायला निघाली. आत्यांना एक प्रकरण मागितलं. हात चालेना, म्हणून त्या बोलायच्या आणि मी टाईप करायचे. माझा वेग बघून त्या वैतागायच्या. “मी वाक्य संपवलं न्हाई अजून, तू पूर्णविराम दिलास पण!”

आणि मग मी तो उद्योग केला. प्रकरण अर्धं झालं होतं, मला काही राहवेना. मी एक मोठ्ठी पोस्ट लिहिली. ‘परभणीची लेक, जिनं एकटीनं देशाच्या कॉम्प्युटरांना बोलायला शिकवलं.’ फोटो, पेडगाव, गोळा, टोकन, तीन वर्षं, सगळं. कॉलनीच्या ग्रुपवर टाकली, कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, मामाच्या बोरीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती मलाच पाच जणांकडून परत आली. मी आनंदानं वेडी.

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी मेसेज आला. स्टेशनच्या मागं राहणाऱ्या शबाना नावाच्या एका शिक्षिकेचा. ‘ताई, तुमची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. माझे वडील इस्माईलभाई, त्या संस्थेत टेक्निशियन होते. त्यांनी पूर्ण ऐकली. एकच म्हणाले, “एकटीनं? अच्छा.” आणि कूस बदलून झोपले. मला वाटलं तुम्हाला सांगावं.’

मी पळत समोर गेले. “आत्या, इस्माईलभाई कोण?”

आत्या भाजी निवडायल्या होत्या. हात थरथरत होता तो थांबला. मी तो कधी थांबलेला बघितला नव्हता. म्हणाल्या, “कुठं हायेत ते?”

“इथंच. स्टेशनच्या मागं.”

“म्हणजे अजून तिथंच. मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं झाली मला परभणीत येऊन. सहा वर्षं मी स्टेशनच्या त्या बाजूला गेलेली न्हाई.”

मग जे सांगितलं ते असं. त्या संस्थेत पहिल्याच आठवड्यात त्यांना मागून कुणीतरी “नक्को रे बाबा” म्हणताना ऐकू आलं, आणि त्या गर्रकन वळून म्हणाल्या, “परभणीचे का?” तिथून दोस्ती. इस्माईलभाईंचं काम तारा ओढायचं, मशीन चालू-बंद करायचं. शिक्षण दहावी. दुपारी दोघं एकाच डब्यातली भाकरी आणि ठेचा खायचे, आणि आत्या रोज विचारायच्या, आज कोणतं मशीन बंद पडलं, कसं पडलं. असंच जेवता जेवता इस्माईलभाई म्हणाले होते, “घर में बाप नहीं तो बडा बेटा बोलता. बडे नंबरवाली को बोलने दो ना.”

बस. तीच ती पद्धत.

“पेपरवर दोन नावं टाईप झाली होती,” आत्या म्हणाल्या. “आमच्या लॅबच्या मोठ्या सरांनी बोलावलं. म्हणले, टेक्निशियनचं नाव पेपरवर नसतं, लोक हसतील, कुणाला काय कळणार आहे. आणि माझ्याकडं पेन दिलं. सरांनी खोडलं न्हाई, प्राजक्ता. मी खोडलं. माझ्या हातानं.”

मी आपलं म्हणाले, “पण तेव्हा तुम्ही तरी काय करणार होतात? तुमचीच जागा अजून पक्की नव्हती.”

“हां. हे मी पण लय वर्षं म्हणले.” त्यांनी भाजी बाजूला सारली. “ह्या पुस्तकात त्यांचं नाव आलं पाहिजे. माझा आवाज हाय तोपर्यंत. रिक्षा बोलव.”

इस्माईलभाई संस्था सोडून आल्यावर मोटारी भरून द्यायचे. म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. आता ते बंद होतं. आम्ही गेलो तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होते. शबानानं दार उघडलं, तिचे डोळे मोठे झाले. ते मात्र उठले नाहीत. एक पाकळी पुरी सोलली, परातीत टाकली, मग म्हणाले, “आइए डॉक्टरसाब.”

“इस्माईलभाई, मी माफी मागायला आलेय.”

“पहले बैठो तो. खडे खडे माफी कायको मांगते? शबाना, पानी ला.”

आत्या बसल्या आणि एका दमात सांगून टाकलं. नाव टाईप झालं होतं, सर काय म्हणाले, पेन, खोडणं.

“मालूम है.”

“कसं मालूम?”

“वो टायपिस्ट मेरे साथ चाय पीता था.”

मला हसू आलं आणि मी दाबलं. आत्या हसल्या नाहीत. “म्हणून सोडून आलात?”

“नाही बाई.” आता ते मराठीवर आले, बहुतेक माझ्यासाठी. “नावाचा राग तीन महिने होता. मग उतरला. पण तू बोलणंच बंद केलंस. आधी रोज विचारायचीस, इस्माईलभाई आज काय झालं, कसं झालं. पेपर निघाला आन् तू माझ्या समोरून मान खाली घालून जायला लागलीस. डबा पण वेगळा. मी म्हणलं, आता इथं आपलं काम न्हाई.”

“लाज वाटायची मला तुमच्याकडं बघायची.”

“तेरी लाज में मेरी नोकरी गयी.” हे ते रागानं नाही बोलले. जसं कुणी पावसाचं सांगतं तसं बोलले.

मग आत्याच काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या. तुम्ही गेल्यावर ते जिल्ह्याच्या लाईनीवर बसवलं, आणि लाईट आली की अडकायचं, तीन वर्षं लागली मला...

इस्माईलभाईंचे हात थांबले. “लाईट आनेपर? दो टोकन?”

“हो.”

“बडे नंबरवाली लेट जागती थी.”

आत्या त्यांच्याकडं बघतच राहिल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी स्विचबोर्डपाशी उभा असायचो ना! लाईट आली की बाकीच्या मशीनी फटाफट. बडी पुराने स्टॅबिलायझर पे थी. आधी घूंऽऽ करायची, मग जागी व्हायची. लॅबमधी दोनदा झालं होतं तसं. मी म्हणलं, ही उठल्याबरोबर बोलायली, आधी ऐकत न्हाई. रजिस्टरला लिहिलं पण होतं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस का? मी गेल्यावर तरी. एक कार्ड टाकायचं होतं. इस्माईलभाई, ऐसा ऐसा हो रहा. पंधरा दिवसांत उत्तर आलं असतं.”

मी आत्यांकडं बघायचं टाळलं. ते एक मिनिट, ते ओठावरचं बोट, तो लेकराचा पहिला नंबर आल्यासारखा चेहरा. सगळं त्या अंगणात उघडं पडलं होतं.

आत्या रडल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढली, परातीतला एक लसणाचा गड्डा घेतला आणि सोलायला लागल्या. हात इतका हलत होता की साल काही निघेना. इस्माईलभाईंनी बघितलं, तो गड्डा हातातून घेतला, पाकळ्या मोकळ्या केल्या आणि परत दिला. “अब कर.”

निघताना आत्यांनी पुस्तकाचं विचारलं. तुमचं नाव घालायचंय.

“डाल,” ते म्हणाले. “पर फिर पूरा डाल. के इसको मालूम था, और मैं पूछी नहीं.”

पुढचे दोन दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले. पायरीवर बसलेल्या.

“नाव घालायला माझी काहीच हरकत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला जवळ सरकावं लागलं. “पण ती तीन वर्षं. बाकी सगळं कुणाचं ना कुणाचं होतं. बापाचा गोळा, इस्माईलभाईंचा नंबर. ती तीन वर्षं तेवढी माझी एकटीची होती.”

मला इतकं वाईट वाटलं की मी पटकन बोलून गेले, “मग तेवढं नका लिहू आत्या. नाव घालू ना आपण त्यांचं. बाकीचं कुणाला काय कळणार आहे?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“सरांचं वाक्य हाय हे,” त्या म्हणाल्या. “शब्दाला शब्द.” आणि मग, “जा. मशीन घेऊन ये.”

दोन पानं लिहायला आम्हाला नऊ दिवस लागले. कधी आवाज फुटायचा नाही, कधी शब्द सापडायचा नाही. मी वाट बघायचे. खरंच बघायचे. एकदा पण त्यांच्या आधी पूर्णविराम दिला नाही. त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत. ‘ही पद्धत दोघांची आहे. दुसऱ्याचं नाव मी स्वतः खोडलं. ज्याचं नाव खोडलं त्याला विचारायचीही सोय मी स्वतःच्या हातानं खोडली, आणि त्याची शिक्षा मला तीन वर्षं झाली. त्याला जास्त झाली.’ शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा बदललं आणि चौथ्यांदा परत तेच ठेवलं.

संपादकांचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला. फार सभ्य माणूस. मॅडम, भावना समजतात, पण इतक्या वर्षांनी दुसरं नाव घालायचं म्हणजे काहीतरी पुरावा लागेल.

“पुरावा मी आहे,” आत्या म्हणाल्या. “नाव कुणी काढलं ते मला माहीत आहे, कारण मीच काढलं.”

मग ते म्हणाले की हे छापलं तर तुमच्याबद्दल लोक काय म्हणतील याचा विचार करा.

“केला. दोन दिवस केला. दोन नावं नसतील तर माझं पण नको. माझ्याशिवाय काढा पुस्तक.”

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “पाठवलं म्हणून खूश होऊ नको. पोचलं का ते आठवड्यानं परत विचार.” मी विचारलं. पोचलं होतं. छापतो म्हणाले.

त्यानंतर दर गुरुवारी आमची रिक्षा स्टेशनच्या मागं जायची. ते दोघं काय बोलायचे मला निम्मं कळायचं नाही. जुन्या मशीनी, जुनी माणसं, कोण कुठं वारलं. आत्यांचं बोलणं संपत चाललं तसं इस्माईलचाचा दोघांच्या वाट्याचं बोलायला लागले. “क्या बोलती? नौ नंबर की बोलती ना? हौ, उसका पंखाच खराब था.” आत्या मानेनं हो म्हणायच्या, किंवा जोरात नाही म्हणायच्या, आणि मग वाद. एकानं न बोलता केलेला वाद मी पहिल्यांदा बघितला.

हिवाळ्याच्या शेवटी आत्यांना ताप आला. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत त्या गेल्या. भाचे आले, पेडगावचे लोक आले. बुद्धवंदना झाली. इस्माईलचाचा भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. पप्पांनी खुर्ची दिली, बसले नाहीत. कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण लागता? म्हणाले, “साथ में काम किये हम.”

पुस्तक त्यानंतर आलं. मी पाकीट फोडलं, प्रकरण काढलं. वर दोन नावं. आधी त्यांचं, मग आत्यांचं. आत्यांनी तसंच सांगितलं होतं म्हणे संपादकांना, मला न कळू देता. मी तशीच गाडीला किक मारून स्टेशनच्या मागं गेले.

चाचांनी चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं, एकदा. शबानानं इंग्रजीत छापलेली ती दोन पानं उर्दूत समजावून सांगितली. मग चाचांनी आकृतीचं पान उलटलं. गोल तार, दहा मशीन, नंबर. ते वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

“ये गलत है.”

“काय चाचा?”

“हे बघ. सात आन् आठची जागा उलटी झालीय. अशी तार ओढलीच न्हवती मी. अशी ओढली तर आठवालीला...” ते उत्साहानं सांगायला लागले आणि मधेच थांबले. दाराकडं बघितलं. गुरुवार होता. चष्मा काढून हातात घेतला. “अब ये किसको बोलूं?”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मला सांगा, चाचा.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “समझेगी?”

“नाही समजलं तर विचारीन.”

त्यांनी चष्मा परत लावला.